सुनेचे घड, सासूचा वेल

बीडच्या सुग्रीवला उभ्या आयुष्यात कुणाचीच बाजू घेता आली नाही. घरात एकीकडे आई, म्हणजे बायनाबाई, आणि दुसरीकडे बायको, म्हणजे केसरबाई. वरणात मीठ जास्त पडलं की कमी यावरून दोघींची जुंपली की हा गडी ताटावरून उठायचा आणि म्हणायचा, मला आज भूकच नाही. भांडणं रोजची, त्यामुळे माणूस वाळका राहिला. पण या वाळक्या माणसानं तीन वर्षं निजामाच्या सरकारला, आईला आणि बायकोला एकाच वेळी फसवलं, निदान तशी त्याची समजूत होती. ती समजूत कशी उतरली तेच सांगायचंय.

सुग्रीवच्या घरचा द्राक्षांचा मळा होता. मोठा म्हणाल तर तसं काही नाही, एका ओळीत सात वेल. खजाना विहिरीचं पाणी पाटानं यायचं, प्रत्येक वेलाला आधाराला एकेक पांगारा लावलेला, आणि सगळी द्राक्षं काळी, टपोरी. पण मळा होता सहा पिढ्यांचा, आणि घरच्या माणसांचा तोरा असा की जणू दौलताबादचा किल्ला यांच्याच पणज्यानं बांधला. गावात त्याला सासवांचा मळा म्हणायचे, आणि त्याला कारण होतं.

त्या घरात सून आली की वर्षाच्या आत तिच्या नावाचा वेल लागायचा. वेलाचं नाव तेच जे सुनेचं. त्यामुळे घरात बोलणं असं चालायचं, की केसरला काल पाणी पाजलं का, किंवा बायनाला औंदा लवकर छाटलं पाहिजे. नवा पाहुणा ओसरीवर बसून हे ऐकायचा आणि चहा अर्धा टाकून उठायचा. ओळीतला पहिला वेल घरच्या मालकिणीचा, दुसरा तिच्या सुनेचा, पुढचे चुलत घरच्या बायकांचे, मानाप्रमाणे. वेलांनीही मान पाळायचा. धाकटीचा वेल थोरलीच्या आधी पिकायला लागला तर त्यावर गोणपाट टाकायचे, म्हणजे वेलानं पदर घेतल्यासारखं व्हायचं. मग थोरलीचा पिकेपर्यंत त्यानं तसंच झाकून बसायचं.

पहिल्या वेलाचा मान मोठा. होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी तालुकदार साहेबाच्या कचेरीतून पेशकार, म्हणजे कारकून, यायचा, त्या वेलाखाली उभा राहून एक मणी तोंडात टाकायचा, आणि मान डोलावली की त्याच वेलाची टोपली साहेबाच्या बंगल्यावर जायची. आणि घराचा नियम असा होता, की ज्या वर्षी पहिला वेल आंबला, त्या वर्षी तो मुळासकट खणून काढायचा. त्या मालकिणीनं कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हातात द्यायच्या आणि पुढं घरात कशात बोलायचं नाही. बायनाबाईची सासू तुळजाबाई ऐंशी वर्षांची होऊन गेली, पण तिचा वेल शेवटच्या वर्षापर्यंत गुळासारखा गोड. ही गोष्ट बायनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना छाती अशी काढायची की वाटावं ती द्राक्षं हिनंच पिकवली.

तर झालं असं, की एका वर्षी, मंगळवारच्या दोन दिवस आधी, सुग्रीवनं आईच्या वेलाचा एक मणी सहज तोंडात टाकला. दातांना झिणझिण्या आल्या, डावा डोळा आपोआप मिटला, कानात शिट्टी वाजली. त्यानं दुसरा खाल्ला, वाटलं पहिला चुकून आला असेल. मग दोन्ही डोळे मिटले. आईचा वेल आंबला होता, आणि घडही मोजून पाच.

सुग्रीव पाटाच्या कडेला बसला. आईच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या तर आई जगायची कशी? बायनाबाई त्या किल्ल्या निजतानाही काढत नव्हती. कूस बदलली की त्या वाजायच्या, आणि सुग्रीवला लहानपणापासून त्या आवाजावाचून झोप येत नव्हती. शिवाय ती एकदा सगळ्यांदेखत बोलून गेलेली, की माझा वेल ज्या दिवशी खणाल, त्या दिवशी मी गेवराईला भावाच्या घरी जाईन, ते तिरडीवरच परत येईन. बायनाबाई बोललेलं करायची. एकदा ती चुलत जावेशी बोलणार नाही म्हणाली होती, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

दर सोमवारी सकाळी बायनाबाई कंकालेश्वराच्या देवळात जायची. त्या सोमवारी ती गेली तसा सुग्रीव उठला, केळीचं सोपट भिजवून त्याचे बारीक धागे काढले, केसरच्या वेलावरचे पाच गोड घड कापले आणि आईच्या वेलाला बांधले. पानांच्या आड, पांगाऱ्याच्या सावलीत, कुणाला गाठ दिसणार नाही असे. आईच्या वेलाचे आंबट घड मात्र त्याच्यानं तोडवेनात. ते त्यानं वरच्या फांदीत लपवले. मग दुपारी बाजाराला म्हणून जो निघून गेला तो दिवेलागणीलाच परत आला, कारण खोटं काम केलं की त्याच्या चेहऱ्यावर ते मजकुरासारखं उमटायचं.

मंगळवारी पेशकार मुनीरोद्दीन आला, मणी चाखला आणि मान डोलावली. सुग्रीवच्या जिवात जीव आला. पण एक गोष्ट त्याला कळेना. त्यानं बांधले होते पाच घड आणि वेलावर दिसत होते पंधरा-वीस. त्यानं जवळ जाऊन पाहिलं नाही, कारण गाठींकडे बघायचीच त्याला भीती वाटत होती. देवाला दया आली आणि वेल सुधारला, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि कंकालेश्वराला गुपचूप नारळ फोडला. तिकडं केसरचा वेल त्याच्या हिशोबापेक्षा जास्त रिकामा झाला होता. ते पोपटांचं काम, असं केसरबाईच म्हणाली, आणि बायनाबाईनं लगेच होकार दिला. सासूसुनेचं इतक्या झटपट एकमत झालं हेच खरं तर त्याच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण सुग्रीव त्या दिवशी इतका खूश होता की तो पोट भरून जेवला.

दुसऱ्या वर्षी तेच. त्यानं सावधगिरी म्हणून दहा बांधले, वेलावर तीस दिसले. घरानं पोपटांसाठी बुजगावणं उभं केलं. बायनाबाई स्वतः डबा बडवत ओळीतून फिरायची. केसरबाईनं एका पोपटाला तर नाव घेऊन शिव्या दिल्या. पोपट बिचारे मळ्याकडं फिरकेनासे झाले, तरी केसरचा वेल दर होळीनंतरच्या सोमवारी उघडा पडायचाच.

तिसरं वर्ष होतं फसली तेराशे एकोणीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे दहा. बायनाबाईच्या म्हाताऱ्या वेलाला दरसाल दुप्पट घड लागतात ही बातमी कचेरीत पोचली होती. त्या वेळी रस्त्यांची आखणी करायला सरकारनं एक फरासीस, म्हणजे फ्रेंच, साहेब ठेवला होता. उंच, तांबूस दाढीचा, आणि दाढीतूनच बोलल्यासारखी त्याची उर्दू. त्यानं पेशकाराला सांगितलं, की माझ्या घरचाही द्राक्षांचा मळा आहे, आठ पिढ्यांचा, आणि असा म्हातारपणी दुप्पट फळणारा वेल मी जन्मात पाहिला नाही, मला तो बघायचाच आहे. पेशकारानं घरी निरोप धाडला, की मंगळवारी साहेबही येणार.

निरोप आला तशी घरातली तिघंही आपापल्या कामाला लागली, फार मन लावून. सोमवारी बायनाबाई देवळातून नेहमीपेक्षा उशिरा आली. तोवर सुग्रीवनं चाळीस घड बांधून हातांना लागलेला चीक धुतला होता. दुपारी तो बाजाराला गेला. संध्याकाळी केसरबाई चुलीपुढं बसली आणि बायनाबाई पोपट हाकायला म्हणून मळ्यात गेली. मंगळवारी उजाडल्यावर सुग्रीव बाहेर आला आणि जागीच थबकला. आईचा वेल पार वाकला होता. पांगारा एका अंगाला कलला होता. पानं दिसतच नव्हती, नुसते घड. आणि शेजारी केसरचा वेल पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा उघडा.

साहेब आला. पेशकारानं साहेब आणि घरच्यांच्या बोलण्याचा पूल बांधला. साहेबानं आधी ओसरीवर बसून आपल्या घरच्या मळ्याचं सांगितलं. दगडी वाडा, त्याच्यापुढं टेकडीभर वेल, आणि वाड्याखाली काळोखी तळघरं. द्राक्षं चिरडून रस पिंपात घालायचा, मग बाटल्यांत, मग बाटल्या आडव्या निजवायच्या, काही तर तीस-तीस वर्षं. प्रत्येक बाटलीवर आजोबाच्या जमिनीच्या तुकड्याचं नाव. दारूचं नाव निघालं तसा पेशकारानं तोंड फिरवून पांगाऱ्याकडं बघितलं. सुग्रीवनं मात्र सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, की तीस वर्षं बाटलीत ठेवल्यावर तोवर घरची माणसं खातात काय? साहेबानं उलट विचारलं, की तुम्ही सहा पिढ्या या द्राक्षांचं काय केलं? सुग्रीव म्हणाला, खाल्ली. टेकडीभर वेलांना स्वतःची नावं नाहीत, सगळी नावं जमिनीला, हे ऐकून केसरबाईला त्या वेलांची दया आली. तिनं आतून तसं बोलूनही दाखवलं.

मग सगळे वेलाखाली गेले. साहेबानं टोपी काढली. कुणा थोर माणसाला भेटायला आल्यासारखा तो खोडापाशी वाकला, सालीवर हात फिरवला, काहीतरी आपल्या भाषेत पुटपुटला. मग एका घडाखाली अलगद तळवा धरला, नुसता वजन बघायला. घड त्याच्या हातात आला.

साहेबानं घडाकडं बघितलं. देठाला केळीच्या सोपटाचा धागा लोंबत होता. साहेबानं दुसऱ्या घडाला हात लावला, तोही सुटला. पण त्याला सोपट नव्हतं, हिरवा दोरा होता, लुगड्याच्या काठाचा. केसरबाईनं झटकन आपला काठ ओच्यात खोचला. तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं, की तो काठ वीतभर उसवलेला आहे. साहेबाला आता राहवेना. त्यानं तिसरा घड ओढला. त्याची गाठ पांढऱ्या सुताची, देवापुढच्या वातीसाठी घरी पिळतात त्या सुताची. बीडमध्ये तसं सूत बायनाबाईइतकं बारीक कुणी पिळत नव्हतं. पेशकाराच्या घरीसुद्धा शबे-बारातच्या दिव्यांना तिच्याकडूनच जायचं.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. सुग्रीवला हळूहळू उमगलं, की तीन वर्षं तो ज्याला देवाची कृपा समजत होता ती बायको होती. केसरबाईला उमगलं की ती कृपा नवरा होता. आणि बायनाबाईनं दर सोमवारी जो नारळ फोडला होता तो या दोघांच्या चोरीला फोडला होता. पोपटांचा तर कुणालाच विचार करवेना.

पेशकार मुनीरोद्दीनचा चेहरा मात्र वेलाखालच्या खतासारखा झाला. तीन वर्षं त्यानं मान डोलावली होती. वर कागद गेले होते, की पहिल्या वेलाची टोपली रुजू. सरकारला फसवलं म्हणून तो तिथंच दप्तराच्या बस्त्यातून कागद काढायला लागला. सुग्रीवनं जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी बाजू घेतली. तो पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला की हे सगळं त्यानं एकट्यानं केलं. पण त्याच्या अंगावर ना हिरवं लुगडं ना कुठं वातीचं सूत, त्यामुळे ते कुणाला पटलं नाही.

बायनाबाईनं त्याला हातानं बाजूला सारलं. तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या. सुग्रीवनं त्या तिच्या कमरेवरून सुटलेल्या कधी पाहिल्याच नव्हत्या. तिनं त्या केसरबाईपुढं धरल्या.

"घे. वेल तीन वरसांपास्नं आंबलाय. मला कळत न्हवतं व्हय? मीच लाज धरून बसले."

केसरबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"माझे हात खरकटे हायत," ती म्हणाली.

तिनं सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं. बायनाबाईनं किल्ल्या तशाच धरून ठेवल्या, आणि केसरबाई तशीच उभी राहिली, मान खाली, हात पाठीशी. मग एकदम तिचा बांध फुटला. म्हणाली, की मला किल्ल्या नकोत, मला दर आश्विनात वेलांच्या खताला बोकडाचं रक्त आन् लेंडीचा काला हातानं कालवायचा नाय, मला लोणच्याच्या बरण्या मोजायच्या नाय, मला तुमच्याशी भांडायचंय, तुमी गप बसल्यावर मी भांडू कुणाशी? आणि ती ढसाढसा रडायला लागली. इतकं गोड बोलणं त्या घरात सहा पिढ्यांत कुणी बोललं नसेल.

बायनाबाई खाली बसली, वेलाच्या आळ्याशी, आणि पदरानं डोळे पुसता पुसता हसायला लागली. आधी वाटलं रडतेय.

"सासूबाईंचा वेल," ती म्हणाली, "त्या ऐंशी वरसांच्या होईस्तवर गुळासारखा. अकरा वरसं मी बांधलंय त्याला, ह्याच सुतानं. त्या मरायच्या आधी मला म्हणाल्या, बायना, मला ठावं होतं. मी माझ्या सासूच्या वेलाला बांधलंवतं."

सहा पिढ्यांचा मान, कचेरीपर्यंत गेलेली ख्याती, सगळी सुनांनी सुतानं बांधलेली. सुग्रीवला वाटलं आता साहेब हसेल, आणि ते हसू बीडभर होईल.

साहेबानं पेशकाराला विचारलं, म्हातारी काय म्हणाली. पेशकारानं सांगितलं, थोडं तोडत, थोडं लाजत. साहेब ऐकून घेतल्यावर आळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मातीतच बसला, पांढऱ्या पाटलोणीसकट. मग तो जे बोलला ते त्यानं पेशकाराला एकेक वाक्य थांबून सांगितलं. त्याच्या लहानपणी त्यांच्या मुलखात एक किडा आला होता, मुळं खाणारा, तिळाएवढाही नाही. आठ पिढ्यांचे वेल दोन-चार वर्षांत वाळून गेले. त्याच्या आजोबानं ते स्वतःच्या हातानं उपटून जाळले. मग अमेरिकेहून जंगली मुळं आणली आणि त्यांच्यावर आपल्या वेलाच्या काड्या बांधल्या. आज टेकडीवर जे उभं आहे ते सगळं परक्यांच्या मुळांवर. पण वाड्यात पाहुणा आला की त्याचा बाप अजून सांगतो, आठ पिढ्यांचा मळा. बाटलीवर नाव आजोबाच्या तुकड्याचंच आहे. म्हणून स्वतःच्या मुळावरचा एक म्हातारा वेल बघायला तो इतका लांब, धुळीतून आला होता.

"बांधता कशानं?" बायनाबाईनं विचारलं.

पेशकारानं ते साहेबाला विचारून सांगितलं. गवताच्या धाग्यानं, आणि पाणी शिरू नये म्हणून वर राळ लावून.

बायनाबाईनं तोंडानं चक् केलं. तिला ती रीत कच्ची वाटली. तिनं आपल्या ओच्यातली वातीच्या सुताची गुंडी काढली आणि साहेबाच्या हातात ठेवली. म्हणाली, घरी आईला द्या, ह्याची गाठ सुटत न्हाई. साहेबानं ती नीट रुमालात बांधून खिशात घातली. आता ते सूत आज सकाळीच साहेबाच्या हातात सुटलं होतं, पण हे बोलून दाखवायला तिथं कुणी मूर्ख नव्हतं.

साहेबानं मग वेलाचा खरा घड मागितला. सुग्रीवनं वरच्या फांदीतून काढून दिला. साहेबानं मणी खाल्ला, त्याचा डावा डोळा मिटला, मग उजवा. पेशकारानंही एक खाल्ला, कागदात लिहायचं तर खात्री पाहिजे म्हणून. दोघं कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग पेशकारानं बस्त्यातला कागद परत बस्त्यात ठेवला आणि म्हणाला, की टोपली भरा, जे घड गोड आहेत त्यांची. कागदावर नेहमीसारखंच लिहितो. बंगल्यावर द्राक्षं खातात, सोपट नाही.

टोपली गेली. किल्ल्या बायनाबाईच्या कमरेला परत गेल्या. रात्री वरणात मीठ जास्त पडलं, त्यावरून सासूसुनेचं कडाक्याचं वाजलं, आणि सुग्रीव ताटावरून उठला नाही. तो मध्ये बसून तीन भाकरी जेवला.

पुढं नऊ वर्षं घरची माणसं तिघं मिळून आईच्या वेलाला घड बांधायची, राजरोस, गप्पा मारत. कोणाची गाठ पक्की यावरूनही भांडायची. बायनाबाई गेली तेव्हा किल्ल्या केसरबाईनं घेतल्या, नाक मुरडत. तिचा वेल खणून काढला, पहिल्या वेलाचा मान केसरच्या वेलाकडं आला, आणि रिकाम्या जागी नव्या सुनेचा, जानकीचा वेल लागला, जागेनं पुढं पण मानानं दुसरा. जानकीला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. सांगायचीच नाही, असं सुग्रीव आणि केसरबाईनं ठरवलं होतं. ज्याचं त्यानं शिकावं.

बऱ्याच वर्षांनी, होळीनंतरच्या एका सोमवारी, केसरबाई कंकालेश्वराला गेली होती. सुग्रीव आता म्हातारा, तरी वाळका तो वाळकाच. त्यानं केसरच्या वेलाचा एक मणी तोंडात टाकला. डावा डोळा मिटला, कानात तीच जुनी शिट्टी. तो घरात गेला, सोपट भिजवलं, धागे काढले आणि ओळीकडं निघाला. आणि बुजगावण्याच्या अलीकडंच थांबला.

जानकी वेलाखाली उभी होती. इकडं तिकडं बघत, ओठ दातांत धरून, आपल्या वेलाचा एक घड सासूच्या वेलाला बांधत होती. दोरा तिनं पदराचाच काढला होता, पिवळा. गाठ अगदी कच्ची घालत होती, पहिल्याच वाऱ्याला सुटेल अशी.

सुग्रीव चार पावलं मागं सरला. त्यानं कोपऱ्यातला गंजका डबा उचलला आणि तोंड दुसरीकडं करून जोरजोरात बडवायला लागला, पोपट आले, पोपट आले, म्हणून ओरडत. जानकीला हातातलं काम उरकून पळायला पुरेसा वेळ मिळेल इतका वेळ तो बडवतच राहिला. मग तो वेलापाशी गेला आणि तिची गाठ सोपटानं पक्की केली.